गुरुजी किती शिकलेले? बारामती-इंदापूरच्या शाळांच्या निमित्ताने

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयामुळे, वीस-वीस वर्षे हाती खडू धरलेल्या शिक्षकांवर पुन्हा परीक्षार्थी होऊन बाकावर बसण्याची वेळ आली. शिक्षक पात्रता परीक्षा, जिला आपण सारे ‘टीईटी’ म्हणतो, ती उत्तीर्ण न झालेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत एक तरी शिक्षक वा शिक्षिका असतेच. कोणी धर्मप्रांताच्या शाळेत, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यामुळे ‘हे नेमके काय आहे?’, ‘आमच्या मुलांचे गुरुजी पात्र नव्हते काय?’ असे प्रश्न आमच्याकडे आले. त्यांचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. गावच्या शाळेतील शिक्षक किती शिकलेला असावा याविषयीची समाजाची आणि सरकारची कल्पना गेल्या दीडशे वर्षांत कशी बदलत गेली, हे प्रथम पाहावे लागते. उदाहरणासाठी आम्ही पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके घेतले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार बारामतीची लोकसंख्या सव्वाचार लाखांहून अधिक, इंदापूरची पावणेचार लाखांहून अधिक. बागायत, जिरायत, धरणाचे पाणलोट, साखर कारखाने, मोठी बाजारपेठ आणि एकाकी वस्ती असे सारे या दोन तालुक्यांत एकत्र सापडते.

सातवी फायनलपासून

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘फायनल पास’ हा शब्द आजही येतो. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाली, की मुलगा शिक्षक होण्यास लायक ठरे. तलाठ्याच्या नोकरीचीही तीच किल्ली होती. पुढे प्रशिक्षण मिळाले तर उत्तम. न मिळाले तरी शाळा चालत असे. ट्रेनिंग कॉलेजात एक वर्ष केलेला, दोन वर्षे केलेला आणि अजिबात न केलेला अशी शिक्षकांची प्रतवारी होती आणि पगारही त्यानुसार ठरत असे.

या स्थितीवर सर्वांत नेमके बोट ठेवले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला पुण्याहून सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकांविषयी सविस्तर लिहिले आहे. बहुतेक शिक्षक एकाच जातीचे, त्यांतील थोडेच प्रशिक्षित, पगार दहा रुपयांच्या पुढे क्वचितच जाणारा, अशी त्यांची तक्रार होती. शेतकरी समाजातून, प्रसंगी नांगर धरण्याची लाज न वाटणारे शिक्षक तयार करावेत, प्रशिक्षित शिक्षकास किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये द्यावेत, असे त्यांनी सुचविले. शिक्षकाचे शिक्षण, त्याचा पगार आणि तो कोणत्या समाजातून येतो, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या होत्या. आजचे शासननिर्णय वाचताना आम्हास असे वाटते, की यांतील पहिलीच गोष्ट आपण लक्षात ठेवली आणि उरलेल्या दोन सोयीने विसरलो.

बारामती-इंदापूरच्या दक्षिणेला नीरा नदी. तिच्या पलीकडे सातारा आणि सोलापूर जिल्हे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली ग्रामीण भागासाठी शिक्षक घडविणारे ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून ओळखले गेले. शेतकऱ्याचा मुलगा प्रशिक्षित शिक्षक होऊन शेतकऱ्यांच्याच गावी परतेल, ही जोतीरावांची अपेक्षा येथे प्रत्यक्षात उतरू लागली.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेला आणि त्यावर दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक प्राथमिक शाळेला मिळावा, असे सांगितले. हळूहळू ‘फायनल’ची जागा मॅट्रिकने आणि पीटीसीची जागा डी.एड.ने घेतली. आधी दहावीनंतर आणि पुढे बारावीनंतर डी.एड. करता येई. आता त्याच अभ्यासक्रमाला डी.एल.एड. म्हणतात. १९८०-९० च्या दशकांत ग्रामीण महाराष्ट्रातील हुशार मुला-मुलींची पहिली पसंती डी.एड.ला असे, हे आजच्या पिढीला सांगूनही पटणार नाही. दोन वर्षांत नोकरी हमखास मिळे आणि घरचा एक माणूस स्थिर होई. या पिढीतील असंख्य शिक्षकांनी नोकरी करता करता बी.ए., मग बी.एड., काहींनी एम.ए.सुद्धा केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, त्याचा या कामी फार मोठा उपयोग झाला. दिवसा चौथीचा वर्ग आणि रात्री स्वतःचा अभ्यास, अशी ही पदव्यांची कमाई आहे. तिला केवळ ‘वेतनवाढीसाठी’ म्हणून हिणविणे आम्हास योग्य वाटत नाही.

एकाच तालुक्यात तीन प्रदेश

बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, कारखाना आणि मोठमोठी महाविद्यालये उभी राहतात. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चे, विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ ची. परंतु तालुका एकसारखा नाही. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि सोमेश्वरनगर, पणदरे, माळेगाव, सांगवी हा भाग बागायती झाला. त्याच तालुक्यातील सुपे, मोरगाव, लोणी भापकर ही गावे मात्र जिरायतच राहिली आणि तेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याचे दिवस अनेकदा आले. इंदापुरात कालव्याने वालचंदनगर, लासुर्णे, भवानीनगर फुलले. उत्तरेला व पूर्वेला १९८० च्या सुमारास उजनी धरण झाले आणि भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही वर डोकावते. घरांबरोबर त्या गावांच्या शाळाही उठल्या आणि पुनर्वसित गावठाणात नव्याने उभ्या राहिल्या.

पाणी आले तशी माणसे गावठाण सोडून आपापल्या रानात राहू लागली. दहा घरे येथे, पंधरा तेथे. लहान मुलाने कालवा आणि उसाचे फड ओलांडून तीन किलोमीटर चालत जावे, हे कोणत्याही आईला मान्य होणारे नाही. म्हणून २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. या शाळांवर त्याच वस्तीतील दहावी-बारावी झालेला तरुण वा तरुणी महिना अवघ्या हजार रुपयांच्या मानधनावर नेमली गेली. प्रशिक्षण नव्हते, पक्की इमारतही बहुतेक ठिकाणी नव्हती. कागदावर पाहिले तर शिक्षकांच्या पात्रतेत ही मोठी पिछेहाट होती. प्रत्यक्षात, जी मुले शाळेच्या पटावर कधीच आली नसती, ती या ‘अपात्र’ शिक्षकांनी पटावर आणली. या निमशिक्षकांनी पुढे पत्राद्वारे डी.एड. पूर्ण केले आणि २०१४ साली राज्य शासनाने त्यांना नियमित प्राथमिक शिक्षक म्हणून सामावून घेतले. वस्तीशाळांचे रूपांतर त्याआधीच नियमित प्राथमिक शाळांत झाले होते.

पात्रता आणि प्रदेश यांचा संबंध कसा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. बाजारपेठेच्या गावी शिक्षक अधिक शिकलेला आणि वस्तीवरचा कमी शिकलेला, असा फरक एके काळी स्पष्ट दिसत असे. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ मिटला आहे. वस्तीवरील शाळेतही डी.एड. झालेला आणि बहुधा पदवीधर शिक्षक असतो. मात्र ती शाळा दोनशिक्षकी असते. पहिली ते चौथी किंवा पाचवीचे वर्ग दोघांत वाटून घ्यायचे. एक जण प्रशिक्षणास वा निवडणुकीच्या कामास गेला, की उरलेल्याने सारी शाळा सांभाळायची. त्या दिवशी त्याची एम.ए. पदवी कितीशी उपयोगी पडणार?

उसाच्या हंगामाचेही तसेच. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. त्यांची मुले वर्षाच्या मध्येच वर्गात येतात आणि परीक्षेच्या तोंडावर निघून जातात. कोणाला अक्षरओळख नसते, कोणी पुस्तक गावीच ठेवून आलेले असते. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात टिकवून धरण्याचे कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. कारखान्याजवळच्या शाळेतील जुन्या शिक्षिकेकडे मात्र ते असते.

डोंगरी तालुके आणि इतर राज्ये

पुणे जिल्ह्यातच पश्चिमेकडे वळले, की वेल्हे (आता राजगड), भोर, मुळशी, आंबेगावचा आदिवासी पट्टा लागतो. शिक्षक भरती जिल्हा परिषदेची, अर्हता सर्वत्र तीच, वेतनश्रेणी तीच. म्हणजे कागदावर बारामतीचा उपशिक्षक आणि वेल्ह्याचा उपशिक्षक यांत काही फरक नाही. फरक पडतो तो मुक्कामाचा. बारामती-इंदापुरात शिक्षकाला सहकुटुंब राहता येते, मुलांना महाविद्यालय मिळते, दवाखाना मिळतो. त्यामुळे अनुभवी शिक्षकांची ओढ सपाटीच्या तालुक्यांकडे असते आणि डोंगरात नवखा शिक्षक येतो, थोडा रुळतो, मग बदली मागतो. हे थांबावे म्हणून २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने शाळांची सुगम आणि अवघड क्षेत्रांत विभागणी करून बदल्या संगणकाद्वारे करण्याची पद्धत आणली. तिच्याविषयी शिक्षकांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, आणि काही रास्तही आहेत. परंतु वशिल्याशिवाय बदली होऊ शकते हे तिने दाखविले, ही लहान गोष्ट नव्हे.

राज्याबाहेर पाहिले की चित्र अगदी वेगळे दिसते. बिहार, पश्चिम बंगाल, आसाम आणि ईशान्येकडील मेघालयासारख्या राज्यांत प्रशिक्षणच न झालेल्या शिक्षकांचे प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला, तेव्हा अशा शिक्षकांना पाच वर्षांची मुदत होती. ती पुरली नाही. २०१७ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत वाढविली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने दूरशिक्षणाने डी.एल.एड.चा अभ्यासक्रम चालविला. त्यात देशभरातून तेरा लाखांहून अधिक सेवेतील शिक्षकांनी नाव नोंदविले. म्हणजे आपण ज्या प्रशिक्षणाला प्रवेशाची किमान अट मानतो, ते देशातील लाखो शिक्षकांनी नोकरी लागल्यानंतर कित्येक वर्षांनी घेतले. महाराष्ट्रात ही अट फार आधीपासून पाळली गेली, याचे श्रेय जिल्हा परिषदांना आणि अध्यापक विद्यालयांना द्यावे लागेल. अर्थात अध्यापक विद्यालयांचे पुढे अमाप पीक आले आणि पदविकेचे मोल घसरले, हेही खरे. २०१० नंतर भरती जवळजवळ थांबली आणि हजारो डी.एड. धारक घरी बसले. त्यांतील कितीतरी जण आज शेती, दुकान किंवा खाजगी शिकवणी सांभाळत आहेत.

आज कोणत्या वर्गाला काय लागते?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी किमान अर्हता ठरवून दिल्या. सोप्या शब्दांत सांगायचे तर पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि डी.एल.एड., सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि दोन्हींसाठी टीईटी. मधल्या काळात, २०१८ साली, बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीची दारे उघडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निर्णयाने ती बंद केली. लहान मुलांना शिकविणे ही मोठ्या मुलांना शिकविण्याची पहिली पायरी नसून स्वतंत्र विद्या आहे, असा त्यामागचा विचार. बी.एड. ही पदवी ‘मोठी’ म्हणून तिचा धारक बालवर्गालाही सहज शिकवील, हा समज आपल्याकडेही खोल रुजलेला आहे. म्हणून हे मुद्दाम नोंदवीत आहोत.

बारामती-इंदापूरसारख्या भागात खरी उणीव दिसते ती सहावी ते आठवीत. कायद्याप्रमाणे या वर्गांना भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी शिक्षक हवेत. जिल्हा परिषदेतील पदवीधर शिक्षकांचा मोठा भाग नोकरी करीत असताना बाहेरून पदवी घेतलेला आहे, आणि अशी पदवी बहुधा कला शाखेचीच असते, कारण प्रयोगशाळेशिवाय बी.एस्सी. करता येत नाही. परिणामी भाषा आणि इतिहासाचे शिक्षक मिळतात, गणित-विज्ञानाचे कमी पडतात. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांची शिक्षकपदेच धोक्यात आणली आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. वस्तीवरची वरच्या प्राथमिक वर्गांची शाळा टिकणार की नाही, हा प्रश्न त्या वस्तीतील मुलींच्या दृष्टीने फार गंभीर आहे. मुलगा सायकलवरून दूर जातो, मुलीला पुष्कळदा घरी बसविले जाते.

टीईटीचा निर्णय आणि आपल्या शाळा

महाराष्ट्र शासनाने १३ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयाने टीईटी अनिवार्य केली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला राज्यातील पहिली परीक्षा झाली. पहिली ते पाचवीसाठी पहिली प्रश्नपत्रिका, सहावी ते आठवीसाठी दुसरी. प्रत्येक प्रश्नपत्रिका १५० गुणांची असते आणि उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, राखीव प्रवर्गांस ५५ टक्के गुण लागतात. पहिल्या प्रश्नपत्रिकेत बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. राज्यातील निकाल बहुतेक वेळा पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली राहिला. एवढ्या मोठ्या संख्येने प्रशिक्षित पदविकाधारक नापास होतात, तेव्हा प्रश्नपत्रिका अवघड आहे की प्रशिक्षण पोकळ आहे? आमच्या मते दोन्ही थोडे थोडे. शिवाय या परीक्षेच्या पावित्र्यालाही तडा गेला आहे. २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे नापास झालेल्यांचे दुःख त्या बातम्यांत कोठेच नव्हते.

आता २०२५ च्या निर्णयाकडे. ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून कमी काळ उरला होता, त्यांना टीईटीशिवाय सेवेत राहता येईल, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल. इतरांना दोन वर्षे, म्हणजे ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत मुदत आहे. ती टळली तर सेवा सोडावी लागेल, नियमांनुसार देय असलेले निवृत्तीचे लाभ मात्र मिळतील. जिल्हा परिषदेचे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे सप्टेंबर १९७२ नंतर जन्मलेला आणि २०१३ पूर्वी नेमलेला शिक्षक या कक्षेत येतो. समजा, एखादी शिक्षिका १९७३ ची. बारावी, डी.एड. होऊन १९९५ साली इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर रुजू झाली. नेमणुकीच्या वेळी सरकारने जे मागितले ते सर्व तिच्यापाशी होते. पुढे तिने बी.ए. केले. आता बावन्नाव्या वर्षी तिने बालमानसशास्त्राच्या व्याख्या पाठ कराव्यात, असे तिला सांगितले गेले आहे. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला तिच्यासारख्या अनेकांनी, काहींनी आपल्या मुलांच्या वयाच्या उमेदवारांशेजारी बसून, प्रश्नपत्रिका सोडविली. मुलांना पात्र शिक्षक मिळाला पाहिजे, हे न्यायालयाचे म्हणणे नाकारण्यासारखे नाही. तरीही नियम बदलण्याचा भार तीस वर्षांनी शिक्षकाच्याच डोक्यावर ठेवावा आणि त्याला तयारीसाठी शाळेच्या कामातून चार दिवसांची सुटकाही मिळू नये, हे आम्हास न्याय्य वाटत नाही. पुणे जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था लोणी काळभोर येथे आहे. सुटीच्या काळात तालुक्याच्या ठिकाणी तयारीचे वर्ग घेणे अशा संस्थांना अशक्य नसावे.

अल्पसंख्याक शाळांचे काय, हा आपल्या वाचकांचा आणखी एक प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी, प्रमती न्यासाच्या प्रकरणात, शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही असे ठरविले होते. २०२५ च्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि तो मोठ्या पीठापुढे ठेवावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठविले. त्यामुळे धर्मप्रांताच्या वा धर्मभगिनींच्या शाळेतील शिक्षकाला केवळ या निर्णयावरून टीईटीची सक्ती होत नाही. प्रश्न मोठ्या पीठाच्या निर्णयावर सोपविलेला आहे. आमची सूचना इतकीच, की ज्यांच्या सेवेची दहा-पंधरा वर्षे उरली आहेत, त्यांनी ही परीक्षा देऊन ठेवावी. एकदा उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आता आजीवन वैध असते. आणि गणित व परिसर अभ्यासाची उजळणी वर्गातही उपयोगी पडेल.

पालकांना आपल्या शाळेतील शिक्षकांचे शिक्षण जाणून घ्यायचे असेल, तर त्यासाठी कोणापुढे हात जोडण्याची गरज नाही. प्रत्येक शाळेला यूडायस क्रमांक असतो आणि केंद्र शासनाच्या यूडायस प्लस या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला, की शाळेचे माहितीपत्रक उघडते. एकूण शिक्षक किती, पदवीधर किती, डी.एल.एड. वा बी.एड. झालेले किती, हे त्यात व्यक्तींची नावे न देता मांडलेले असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे कायद्याने बंधनकारक आहे. सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक नसेल, तर या समितीचा ठराव पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठविता येतो. नव्या शैक्षणिक वर्षाची पदे संचमान्यतेत ठरतात, आणि संचमान्यता पटावर ठरते. तेव्हा ठराव त्याआधी जायला हवा आणि आपल्या मुलांची नावे व आधार नोंदी पटावर बिनचूक आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.